आरोग्यविम्याची परिभाषा आणि सावली परिसरातील रुग्ण

परिभाषेचा विचार करताना अभ्यासक साधारणतः दोन प्रश्न विचारतात. शब्द अभिप्रेत अर्थाशी नेमका जुळतो काय, आणि तो भाषेच्या प्रकृतीस मानवतो काय? विज्ञान व कायदा ह्यांच्या परिभाषेस ह्या दोन कसोट्या बहुधा पुरतात. कारण त्या परिभाषेचा उपयोग करणाऱ्यांनी ती शिकून घेतलेली असते. आरोग्यविमा आणि रुग्णालयांची देयके ह्यांच्या परिभाषेची गोष्ट निराळी आहे. येथे शब्द घडविणारा कचेरीत असतो, तो वापरणारा रुग्णालयाच्या खिडकीमागे असतो, आणि त्या शब्दाखाली सही किंवा अंगठा उमटविणारा मनुष्य घरच्या आजारी माणसाला नुकताच खाटेवर निजवून आलेला असतो. त्याला तो शब्द कोणी शिकविलेला नसतो. तरीही पैसे कोणी भरावयाचे हे त्या शब्दाच्या पारिभाषिक अर्थावरूनच ठरते. म्हणून ह्या क्षेत्रात तिसरी एक कसोटी लावणे अवश्य होते. शब्द कानी पडताच कोण देणार, किती देणार आणि केव्हा देणार, हे रुग्णाच्या नातलगास समजते काय?

प्रस्तुत लेखात ह्या कसोटीने आरोग्यविम्याच्या काही प्रमुख मराठी संज्ञा तपासावयाच्या आहेत. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हा तालुका व त्याच्या भोवतीचा वनप्रदेश दृष्टीसमोर ठेवला आहे. ह्या भागात शासकीय योजना, शासकीय नोकरांना मिळणारी प्रतिपूर्ती, खाजगी विमा आणि वनविभागाचे अर्थसाहाय्य ह्या चारही व्यवस्था एकाच गावात शेजारीशेजारी आढळतात, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी आहे.

१. प्रदेश आणि योजना

सावली हा धानाचा प्रदेश. आसोलामेंढ्याचे पाणी, गावोगावचे तलाव, उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने, असे येथील अर्थजीवनाचे वार्षिक चक्र आहे. पूर्वेस वैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. दोन्ही तीरांवरचा समाज एकच. नातीगोती, बाजार व बोली ह्यांना नदीचा अडसर नाही. सीमा जाणवते ती शासकीय कागदावर.

आरोग्यविम्याच्या बाबतीत ही सीमा एकदा फार स्पष्टपणे उमटली. महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत गडचिरोली होता, चंद्रपूर नव्हता. उर्वरित जिल्ह्यांना ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. म्हणजे जवळजवळ सतरा महिने वैनगंगेच्या पूर्वेकडील कुटुंब योजनेस पात्र होते आणि पश्चिमेकडील, कदाचित त्याच घरची सोयरीक असलेले, कुटुंब पात्र नव्हते. आजार तोच, रुग्णालयही नागपूरचे तेच. भेद शिधापत्रिकेवरील जिल्ह्याच्या नावाचा.

ह्या योजनेस २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्र शासनाची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. आरंभी प्रतिवर्षी प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांपर्यंत, व मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत, असलेली मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अनुक्रमे पाच लाख व साडेचार लाख इतकी झाली. मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली पात्रताही त्याच निर्णयाने सर्व कुटुंबांपर्यंत विस्तारली.

येथे ‘प्रतिकुटुंब’ ह्या पहिल्याच शब्दाशी थांबावे लागते. पाच लाखांची मर्यादा माणशी नाही. ती साऱ्या कुटुंबास मिळून आहे. शिवाय राज्याच्या योजनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे असा अर्थ होत नाही. ज्यांची नावे शिधापत्रिकेवर आहेत तेवढीच माणसे कुटुंबात मोडतात. नुकतीच घरात आलेली सून, नुकतेच जन्मलेले मूल, कामासाठी परगावी गेलेला आणि तेथे नाव चढविलेला मुलगा, हे घरच्यांच्या दृष्टीने कुटुंबातीलच असतात. कागदाच्या दृष्टीने कदाचित नसतात. शब्द ओळखीचा असला म्हणजे तो समजला असे नाही, ह्याचे हे साधे उदाहरण होय.

२. विमा, हमी आणि अनुग्रह

‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’ ह्यावरून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय हा शब्द सांगितला जातो. व्यापारी मालाच्या जोखमीशी हा शब्द आरंभी जोडलेला होता. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात त्याचा प्रत्यक्ष परिचय झाला तो मुख्यतः १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळामुळे. ह्या परिचयाने शब्दाला एक विशिष्ट वळण दिले. आयुर्विम्याच्या प्रचलित प्रकारांत मुदत पुरी झाली की रक्कम परत मिळते; म्हणून विमा म्हणजे एक प्रकारची बचत, अशी समजूत दृढ झाली. आरोग्यविम्यात मुदतीनंतर काही परत मिळत नाही. वर्षभर कोणी आजारी पडले नाही तर भरलेला हप्ता दुसऱ्या आजारी माणसाच्या उपचारास खर्ची पडतो, आणि विम्याचे तत्त्व नेमके हेच आहे. ‘पाच वर्षे पैसे भरले, एकदाही दवाखान्यात गेलो नाही, आता पैसे परत द्या’ ही मागणी अज्ञानातून येते असे म्हणण्यापेक्षा एका शब्दाने दोन भिन्न व्यवहार दर्शविल्यामुळे येते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

‘हप्ता’ शब्दाचेही तसेच आहे. मूळ अर्थ आठवडा. त्यावरून ठरावीक काळाने द्यावयाची रक्कम. कर्जाचा प्रत्येक हप्ता भरला की ऋण तितके कमी होते. विम्याचा हप्ता भरल्याने काहीही साठत नाही. तो त्या वर्षापुरते संरक्षण विकत घेतो आणि वर्षाबरोबर संपतो.

सामूहिक जोखीम ही कल्पना ग्रामीण मनास परकी आहे, असा मात्र ह्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालयाच्या परिसरातील खेड्यांत डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी ह्यांनी जी योजना चालविली तीत हप्ता ज्वारीच्या रूपाने घेतला जाई. सुगीनंतर धान्य गोळा होई; प्रत्येकाचा वाटा त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरे; आणि गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गावास लाभ मिळे. अकल्पित आजारासाठी सभासदास रुग्णालयात मोफत उपचार मिळत. नेहमीची प्रसूती, मोतीबिंदू ह्यांसारख्या आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी मात्र त्याला खर्चाचा वाटा उचलावा लागे. जोखमीचे वाटप, ऐपतीनुसार हप्ता, पुरेशी सभासदसंख्या, अपेक्षित व अनपेक्षित आजार ह्यांतील भेद, ही विमाशास्त्राची चारही तत्त्वे तेथे एका धान्याच्या मापाने समजावून देता आली. ह्या उदाहरणाचा परिभाषेच्या दृष्टीने अर्थ असा की, संकल्पना लोकांच्या व्यवहारात उतरली तर शब्द जड राहत नाही.

‘विमा’ ह्याच्या शेजारी ‘हमी’ हा शब्द येतो. जन आरोग्य योजना राबविणाऱ्या संस्थेचे नाव राज्य आरोग्य हमी सोसायटी असे आहे, आणि योजनेच्या इतिहासात ‘विमा तत्त्व’ व ‘हमी तत्त्व’ ह्या दोन्ही पद्धतींचा अवलंब झालेला आहे. विमा तत्त्वात शासन प्रत्येक कुटुंबामागे विमा कंपनीस हप्ता देते आणि रुग्णालयास पैसे कंपनी देते. हमी तत्त्वात मध्ये कंपनी नसते. शासनाची सोसायटी स्वतः रुग्णालयाचे पैसे भागविते. रुग्णास खाटेवर हा फरक दिसत नाही. परंतु दावा मंजूर किंवा नामंजूर कोणी करावयाचा हे ह्यावर ठरते. सावलीच्या मजुरास ‘हमी’ हा शब्द नवा नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यामुळे तो चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच्या बोलण्यात आहे, आणि तेथे त्याचा अर्थ मागितल्यास मिळालेच पाहिजे असे काम, हा आहे. आरोग्याच्या संदर्भात हाच शब्द ऐकल्यावर तो त्याच हक्काची अपेक्षा धरतो. प्रशासनाच्या भाषेत मात्र ‘हमी’ ही मुख्यतः पैसे भागविण्याची पद्धत आहे.

तिसरा शब्द ‘सानुग्रह’. शेतकऱ्यांच्या अपघाताविषयीची गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची योजना पूर्वी ‘अपघात विमा योजना’ म्हणून ओळखली जाई. विमा कंपन्यांकडून होणारा विलंब आणि दाव्यांतील त्रुटींची कारणे ह्यांमुळे लाभ वेळेवर मिळत नसल्याने २०२३ साली तिचे रूपांतर ‘अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ असे झाले. अडचणीवर उपाय म्हणून हा बदल समजण्यासारखा आहे. तथापि शब्दाचा विचार करता विम्यात करार असतो आणि करारातून हक्क उत्पन्न होतो. अनुग्रहात देणाऱ्याची कृपा असते. रक्कम तीच राहिली तरी घेणाऱ्याचे स्थान शब्दाने बदलले. शेतकरी दावेदार होता, तो अर्जदार झाला.

३. देयकाची भाषा

रुग्णालयाच्या खिडकीशी जे कागद हाती येतात त्यांत ‘देयक’ आणि ‘पावती’ ह्यांत प्रथम भेद केला पाहिजे. देयक म्हणजे द्यावयाच्या रकमेची मागणी. पावती म्हणजे ती रक्कम पावल्याची नोंद. बोलीत दोहोंनाही ‘बिल’ म्हणतात. ह्या ढिलाईची किंमत मागाहून मोजावी लागते; कारण खर्चाची प्रतिपूर्ती मागताना पैसे भरल्याचा पुरावा पावतीने होतो, आणि कशासाठी भरले ह्याचा पुरावा तपशीलवार देयकाने होतो. एक असून दुसरे नसेल तर प्रकरण परत येते.

‘प्रतिपूर्ती’ म्हणजे आधी स्वतः खर्च करून मागाहून तो भरून घेणे. राज्य शासनाच्या नोकरांस १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनी ही सवलत मिळाली. त्याच्या उलट पद्धतीस ‘रोखरहित’ किंवा प्रचलित भाषेत ‘कॅशलेस’ म्हणतात. तीत रुग्णालय आपले पैसे थेट विमा कंपनीकडून वा सोसायटीकडून घेते. सावलीतील शिक्षक आणि त्याच्याच शेतावर राबणारा मजूर एकाच शस्त्रक्रियेसाठी नागपुरास गेले तर शिक्षकाला आधी रक्कम उभी करावी लागेल व मजुराला करावी लागणार नाही, असे घडू शकते. अर्थात मजुराला तो ‘कॅशलेस’ आहे हे कळले तर. २०१६ च्या नोटाबंदीनंतर हा शब्द गावोगाव पोचला तो भ्रमणध्वनीवरून वा कार्डाने पैसे देणे ह्या अर्थाने. त्या अर्थाने ‘हे रुग्णालय कॅशलेस आहे’ हे वाक्य ऐकणारा मनुष्य नोटांऐवजी कशाने पैसे भरावे ह्याची विवंचना करू लागतो. ‘रुग्णाकडून पैसे घेतले जाणार नाहीत’ हे लांबलचक वाक्य ह्या एका शब्दापेक्षा अधिक नेमके आहे.

‘पॅकेज’ शब्दाचाही असाच पूर्वेतिहास आहे. विदर्भात हा शब्द रूढ झाला तो शेतकऱ्यांसाठी जाहीर झालेल्या शासकीय साहाय्यामुळे. विशेषतः २००६ साली पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या साहाय्यानंतर. त्यामुळे ‘पॅकेज मंजूर झाले’ ह्याचा लोकार्थ ‘आपल्याला पैसे मिळणार’ असा होतो. रुग्णालयाच्या भाषेत पॅकेज म्हणजे एका विशिष्ट उपचारासाठी आधीच ठरलेला एकत्रित दर. तो रुग्णालयास मिळतो, रुग्णास नव्हे. जीवनदायी योजनेच्या पॅकेजात खाट, शुश्रूषा, शल्यविशारद व भूलतज्ज्ञ ह्यांचे शुल्क, तपासण्या, औषधे, शरीरात बसवावयाची साधने, रुग्णाचे जेवण, एकवेळचा परतीचा प्रवास आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे ह्यांचा समावेश केलेला होता. ह्या यादीचे ज्ञान असणे म्हणजे प्रत्यक्ष पैसे वाचविणे होय. ज्याला ती ठाऊक नाही तो औषधाची चिठ्ठी हाती पडताच बाहेरच्या दुकानात जातो आणि जे दरात समाविष्ट आहे तेच पुन्हा विकत घेतो. मात्र सोबत आलेल्या नातलगाचे जेवण, त्याचा मुक्काम आणि त्याची बुडालेली मजुरी ह्यांना पॅकेजात जागा नाही. वनप्रदेशातून दूरच्या शहरी जाणाऱ्या कुटुंबाचा मोठा खर्च नेमका हाच असतो. ‘मोफत उपचार’ ह्या शब्दसमूहात उपचार मोफत असतो, आजारपण मोफत नसते.

‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणजे योजनेत सामील करून घेतलेले रुग्णालय. शब्द संस्कृतदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यातून एक महत्त्वाची मर्यादा सूचित होत नाही. अंगीकार हा उपचारांच्या शाखांनुसार असतो. हाडांच्या उपचारांसाठी अंगीकृत असलेले रुग्णालय हृदयविकारासाठी तसे असेलच असे नाही. फलकावरील एका शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या रुग्णास ही गोष्ट आत गेल्यावर कळते.

‘पूर्वपरवानगी’ ही उपचारास दिलेली परवानगी नसून त्या उपचाराचा खर्च देण्यास दिलेली संमती आहे. कोणता उपचार करावा हे वैद्य ठरवितो. खर्च कोण उचलणार हे पूर्वपरवानगी ठरविते. नातलग ह्या दोहोंत गल्लत करतात आणि परवानगी नाकारली म्हणजे शस्त्रक्रियेची गरजच नाही असे समजून घरी परततात. ही गल्लत जिवावर बेतू शकते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार आरंभण्याची व कागदपत्रे मागाहून देण्याची सोय योजनेत ठेवलेली आहे. तीही माहीत असावयास हवी.

‘दावा’ शब्दाचे दैव विलक्षण आहे. अरबीतून आलेल्या ह्या शब्दाला मराठीत न्यायालयातील फिर्याद हा अर्थ चिकटला, आणि ‘दावा साधणे’ ह्या प्रयोगात तर वैर हा अर्थ. जमिनीच्या दाव्यात पिढी खर्ची पडलेली घरे प्रत्येक गावात आहेत. त्यांना विम्याचा दावा करा असे सांगितले की मन प्रथम मागे सरते. वस्तुतः रोखरहित पद्धतीत दावा रुग्णालय करते. रुग्णास तो करावा लागतो तो प्रतिपूर्तीच्या वेळी, आणि तेव्हाही तो भांडण नसून हिशेब असतो.

ह्या साऱ्या शब्दांत ‘आरोग्यमित्र’ हा मात्र यशस्वी शब्द म्हटला पाहिजे. योजनेतील रुग्णालयात बसून नोंदणीस साहाय्य करणारा हा मनुष्य. त्याचे काम नावातच आहे. केवळ एवढे ध्यानात ठेवावे की मित्र मार्ग दाखवितो, मंजुरी देत नाही.

४. खाजगी विम्यातील काही संज्ञा

चंद्रपूर व गडचिरोलीतील नोकरदार आणि व्यापारी वर्गात खाजगी आरोग्यविमाही घेतला जातो. तेथील ‘वजावट’ हा शब्द विशेष फसवा आहे. दुकानातील वजावट गिऱ्हाइकाच्या फायद्याची, आयकरातील वजावट करदात्याच्या फायद्याची. विम्यातील वजावट मात्र विमेदाराने आधी स्वतः सोसावयाची रक्कम. ‘सहभाग’ म्हणजे उरलेल्या खर्चातील त्याचा शेकडेवारीने ठरलेला वाटा. समजा, देयक ४०,००० रुपयांचे आहे, वजावट १०,००० रुपये आणि सहभाग शेकडा १० आहे. प्रथम १०,००० विमेदार भरील. उरलेल्या ३०,००० चा दहावा भाग, म्हणजे ३,०००, तोही त्याचाच. एकूण १३,००० त्याच्याकडे आणि २७,००० कंपनीकडे. दोन शब्दांची गफलत केली तर हिशेबात हजारोंचा फरक पडतो.

‘खोलीभाड्याची मर्यादा’ ह्याहून अवघड आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की दिवसाला २,००० रुपयांची मर्यादा असता ४,००० रुपयांची खोली घेतली, तर वरचे २,००० तेवढे आपण भरावयाचे. अनेक पॉलिसींत तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्यामुळे तिच्याशी संलग्न अशा वैद्यांच्या व इतर शुल्कांचाही निम्माच भाग मान्य केला जातो. ह्यास ‘प्रमाणशीर कपात’ म्हणतात. रुग्णास दाखल करताना केलेल्या एका निवडीने अशा रीतीने सारे देयक बदलते.

‘प्रतीक्षाकाल’ म्हणजे रांगेत थांबण्याचा काळ नव्हे. ह्या काळात हप्ता भरावा लागतो, परंतु ठरावीक आजारांना संरक्षण नसते. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या, म्हणजे ‘पूर्वस्थित’, आजारांसाठी हा काळ ३६ महिन्यांहून अधिक नसावा, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली ठरविले. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्यावाचून, माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येऊ नये, हेही त्याच वेळी ठरले. ज्या प्रदेशात सिकलसेलसारखा आनुवंशिक विकार आढळतो तेथे ‘पूर्वस्थित’ ह्या शब्दाचे वजन वेगळे आहे. रक्तातून आलेला आजार विम्याच्या आधीचा असणारच. तो प्रारंभीच लिहून देणे आणि लिहून दिल्याची प्रत जपणे हाच सुरक्षित मार्ग होय.

५. आजाराचे नाव आणि बोली

देयकाची भाषा जेथे सुरू होते त्याच्या आधी आणखी एक भाषा असते. ती म्हणजे आजार सांगण्याची. योजनेच्या यादीत उपचारांची नावे असतात, दुखण्यांची नसतात. दुखण्यापासून उपचाराच्या नावापर्यंतचे अंतर रुग्णाला बोलीतून पार करावे लागते.

गडचिरोलीत १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यात शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ असल्याचे दिसून आले. इतके मोठे दुखणे कोणत्याही नोंदवहीत नव्हते. ते स्त्रियांच्या आपसातील शब्दांत होते. वैद्याच्या शब्दांत ते आले नव्हते, आणि जे वैद्याच्या शब्दांत नाही त्याचे देयक होत नाही, दावाही होत नाही.

सावलीची बोली झाडीबोलीच्या क्षेत्रात मोडते. तीत ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘र’ उच्चारला जातो. डोळ्याचा ‘डोरा’ होतो. नदीपलीकडे व जंगलाच्या आत गोंडी व माडिया बोलल्या जातात, आणि दक्षिणेस तेलुगू. बोलीत सांगितलेले नाव अर्जात प्रमाण मराठीत, शिधापत्रिकेवर तिसऱ्याच रूपात आणि आधारपत्रावर रोमी लिपीतून परतलेल्या चौथ्या रूपात उतरते. नावाच्या एका अक्षराचा हा भेद उच्चाराचा असतो. कागद तपासणाऱ्यास तो माणसाचा भेद वाटतो.

६. एक उदाहरण

वरील संज्ञा एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे एका काल्पनिक परंतु ह्या प्रदेशास अपरिचित नसलेल्या प्रसंगावरून पाहता येईल. चैत्रातील पहाट आहे. सावली तालुक्यातील एक स्त्री मोहफुले वेचावयास गेली असता वाघाच्या हल्ल्यात गंभीर जखमी होते. तिला प्रथम जवळच्या रुग्णालयात, तेथून गडचिरोलीस वा चंद्रपुरास, आणि पुढे कदाचित नागपुरास नेले जाते.

तिच्या घरच्यांसमोर दोन स्वतंत्र वाटा उघडतात. पहिली जन आरोग्य योजनेची. तिच्यासाठी शिधापत्रिकेवर तिचे नाव हवे, रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत हवे, दूरध्वनीवरून सूचना व मागाहून पूर्वपरवानगी हवी. पैसे रुग्णालयास जातील. दुसरी वाट वनविभागाच्या अर्थसाहाय्याची. २०२३ च्या शासन निर्णयानुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबास २५ लाख रुपये आणि गंभीर जखम झाल्यास ५ लाख रुपये देय ठरले. येथे घटनेची खबर, पंचनामा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र महत्त्वाचे. पैसे कुटुंबास मिळतील. पहिली वाट उपचाराचा खर्च भागविते, दुसरी झालेल्या हानीची अंशतः भरपाई करते. एकीचा अर्ज दुसरीस चालत नाही, एकीचा कागद दुसरीच्या खिडकीवर ओळखला जात नाही.

परंतु गावात दोहोंनाही ‘सरकारी मदत’ हे एकच नाव आहे. वनविभागाचे पैसे मिळणार असे ऐकून नातलग शिधापत्रिका घरीच ठेवून निघतात. किंवा उपचार मोफत झाले म्हणजे मदत मिळाली असे समजून वैद्यकीय प्रमाणपत्र मागतच नाहीत. ‘गंभीर’ हा शब्दही अशा वेळी निर्णायक ठरतो. बोलण्यात गंभीर म्हणजे जिवावरचे. प्रमाणपत्रात ती जखमेची एक श्रेणी असते, आणि किरकोळ जखमेस केवळ मर्यादेत औषधोपचाराचा खर्च मिळतो. वैद्याने घाईत लिहिलेल्या एका विशेषणावर त्या घराचे पुढील वर्ष अवलंबून असते.

७. समारोप

मराठी परिभाषानिर्मितीची परंपरा थोर आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर येथे डॉ. रघुवीर ह्यांनी संस्कृत धातूंच्या आधारे शासकीय व शास्त्रीय शब्द घडविण्याचा प्रचंड उद्योग केला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही शासनव्यवहाराची भाषा झाली. ह्या परंपरेतून ‘देयक’, ‘प्रतिपूर्ती’, ‘अंगीकृत’ ह्यांसारखे नेमके शब्द लाभले. त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. वरील विवेचनावरून असेही दिसून येते की, लोकांच्या तोंडी असलेले ‘विमा’, ‘हप्ता’, ‘पॅकेज’, ‘कॅशलेस’, ‘वजावट’, ‘दावा’ हे शब्द संस्कृत शब्दांपेक्षा अधिक फसवितात. कारण ते आधीच दुसऱ्या अर्थाने भरलेले आहेत. न समजलेला शब्द मनुष्य विचारून घेतो. चुकीचा समजलेला शब्द तो विचारीत नाही.

म्हणून सोपा शब्द की संस्कृत शब्द, हा वाद ह्या क्षेत्रात गौण ठरतो. संज्ञा कोणतीही असो, रुग्णाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक कागदावर तिच्याखाली एक पूर्ण वाक्य असावे, आणि त्या वाक्यात देणारा, रक्कम व वेळ ह्या तिन्ही गोष्टी याव्यात. ‘वजावट’ ह्या शब्दाखाली ‘पहिले १०,००० रुपये आपण रुग्णालयात भरावयाचे, त्यापुढील खर्चाचा विचार कंपनी करील’ असे लिहिण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही. असे वाक्य झाडीबोलीत, गोंडीत वा माडियात सांगता येते. शब्द मात्र सांगता येत नाही. विद्यापीठीय अभ्यासकांनी सावलीसारख्या एखाद्या तालुक्यातील रुग्णालयांत वापरले जाणारे अर्ज, देयके व नकारपत्रे गोळा करून त्यांतील प्रत्येक संज्ञेचा रुग्णांनी घेतलेला अर्थ नोंदविला, तर भाषाशास्त्र, अर्थशास्त्र आणि वैद्यक ह्या तिन्ही शाखांना उपयोगी असे साधन तयार होईल. अशा कोशात शब्दापुढे केवळ अर्थ असून भागणार नाही. त्या शब्दाच्या गैरसमजापायी घराला किती रुपये पडतात, हेही त्यात नोंदवावे लागेल.